सशासाठी बंदूक

शिवालिकच्या पायथ्याशी, आज जेथे चंदीगड वसले आहे त्या परिसरात आढळणारा भारतीय ससा बिळात राहत नाही. तो झुडपाआड दबून बसतो आणि चाहूल लागताच उसळून पळतो. धावत्या सशावर नेम धरण्यास अवधी नसे. म्हणून शिकारी छऱ्यांची बंदूक पसंत करीत. छरे पसरतात आणि सुमारे ४० मीटरांपलीकडे त्यांचा प्रभाव ओसरतो. ०.२२ इंची रायफलीची गोळी मात्र हुकल्यास एक किलोमीटरहून दूर जाते. मागे मातीचा उंचवटा नसेल तर ती झाडणे धोक्याचे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर ही निवड इतिहासजमा झाली. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. त्याच पायथ्याशी १९९८ मध्ये सुखना अभयारण्य घोषित झाले.