लाळ गळते म्हणजे पिसाळलंच?

डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं लऊळ जगभर गाजलं. वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, गच्च्यांवर नेली. काही वरून पडून मेली, काही उपासमारीनं. अडीचशेचा आकडा समाजमाध्यमांवर फिरला. तो कुणी मोजला होता, देव जाणे. वन विभागानं दोन वानरं पकडून नेली आणि विषय मिटला.

एरवी गल्लीतलं पिल्लू मेलं तर कोण विचारतो? कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी ३६४ पिल्लांवर नजर ठेवली होती. त्यातली वयात येईपर्यंत जगली जेमतेम १९ टक्के. निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे या ना त्या रूपात माणूस होता. रोगराई जोडीला असतेच, आणि त्यातला एक रोग श्वासावाटे शिरतो: डिस्टेंपर.

याचा विषाणू गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. १९०५मध्ये फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी तो दाखवून दिला. आजारी कुत्रं शिंकलं, खोकलं की तुषारांतून तो दुसऱ्याच्या नाकात जातो. आधी ताप येतो, उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा चढतो. मग डोळ्यांना चिपडं, नाकाला घट्ट शेंबूड, खोकला. फुप्फुसांत जिवाणूंनी हात धुऊन घेतले की न्यूमोनिया. सोबत उलट्या, जुलाब. पंजांचे तळवे कडक होतात. विषाणू मेंदूपर्यंत गेला तर जबडा चघळल्यासारखा हलतो, लाळ गळते, पाय उडतात, झटके येतात.

गावात मग एकच हाकाटी होते, 'पिसाळलं!' आणि काठ्या निघतात. खोकल्यानं सुरू झालेलं दुखणं आठवायला तेव्हा कुणी थांबत नाही. अर्थात निव्वळ बघून डिस्टेंपर आणि रेबीज वेगळे करणं पशुवैद्यालाही अवघड. रेबीजची खात्री मेल्यावर मेंदूच्या तपासणीतच होते. म्हणून झटके येणाऱ्या कुत्र्याला हात लावू नये. चावलं किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठावा. डिस्टेंपर माणसाला होत नाही, पण त्या भरवशावर रेबीजची लस टाळणं म्हणजे जिवाशी खेळ.

हा विषाणू तसा नाजूक. ऊन, कोरडी हवा, साबण यांपुढे टिकत नाही. बीडचा मे महिना त्याला मानवत नाही, थंडी मानवते. आणि थंडी म्हणजे गाळप हंगाम. ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जाऊन कोप्या टाकतात. बैलांमागे घरचं कुत्रं गेलं, तर तिथं त्याची गाठ अनोळखी कुत्र्यांशी पडते. लस न टोचलेल्या पिल्लाला यापेक्षा धोक्याची जागा नाही.

विषाणू मारणारं औषध नाही. सलाइन, प्रतिजैविकं आणि शुश्रूषा, एवढंच हाती उरतं. लस मात्र खात्रीची आहे. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांचं असताना, पुढचे २ ते ४ आठवड्यांच्या अंतरानं, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. एकाच डोसावर भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं सुरुवातीला लसीलाच निकामी करतात. रेबीजची लस वेगळी. ती टोचली म्हणून डिस्टेंपर टळत नाही, हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं.

घरच्या मांजरीला या विषाणूनं सहसा काही होत नाही. तिच्या शिंका आणि चिकटलेले डोळे बहुधा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणूंचे. उन्हात कुत्रं जीभ काढून धापा टाकतं, ते शरीर थंड करण्यासाठी. मांजर मात्र तोंड उघडून श्वास घेत असेल तर न थांबता पशुवैद्य गाठावा. आणि तिला घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, एक गोळीही जिवावर बेतते.

मोठ्या मांजरांचं गणित उलटं आहे. १९९४मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरच्या साथीत गेले. २०१८मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले; पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला नमुन्यांत हाच विषाणू सापडला. सोलापूरच्या नान्नज माळरानावर गावकुत्र्यांत आणि खोकडांतही त्याच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या आहेत. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरात बिबट्या फिरतो, आणि कुत्रं त्याच्या आवडीची शिकार आहे.