बाजाराला कोण येत नाही, ते आधी विचारा
'ज्येष्ठांसाठी चांगला बाजार' हा झाला विषय; संशोधनाचा प्रश्न अजून नाही. पालघर किंवा बोईसरचा बाजार आठवा. मासळी, भाजी बऱ्याचदा जमिनीलगत मांडलेली, निवडायला वाकावं लागतं. परतताना हातात जड पिशवी. गुडघे दुखणाऱ्या आजींनी बाजार टाळला, तर ताजं खाणं आणि चालणं दोन्ही एकदम कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना तर पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सुचवते.

मग मोजायचं काय? मालाची उंची, बसायच्या जागांमधलं अंतर, पिशवीचं वजन. एकच गोष्ट बदला, समजा बाक ठेवा, आणि आधीच्या-नंतरच्या फेऱ्या मोजा.

फक्त बाजारातच प्रश्नावली भरून घेऊ नका. ज्यांची अडचण सर्वांत मोठी, ते घरीच असतात. नमुन्यातून नेमके तेच गळतात.