बाजार उघडताना घाई नको


राज्यात ३, ५ आणि ८ जून २०२० असे टप्प्याटप्प्याने व्यवहार सुरू झाले. सगळं एकदम का नाही? कारण कोरोनाची लक्षणं लागण झाल्यावर २ ते १४ दिवसांनी दिसतात. आजच्या गर्दीचा परिणाम दोन आठवड्यांनी कळतो. मे महिन्यात वाशी मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं. पुन्हा तसं झालं तर माल शेतातच राहील.

म्हणून संकलन केंद्रावर:
✅ फोनवर वेळ घेऊनच माल आणा
✅ गाडीसोबत दोघंच, तोंडाला मास्क किंवा रुमाल
✅ काट्याजवळ सहा फूट अंतर
✅ क्रेट हाताळल्यावर साबणाने हात धुवा

ताप-खोकला असेल तर येऊ नका, फोन करा. माल शेजाऱ्याच्या गाडीत पाठवा, वजन तुमच्याच नावावर लागेल.