लस आणि पालटता विषाणू



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी मला सहा दशकांपूर्वी याच वास्तूत शिकविले. पुढे मी मराठीकडे वळलो आणि विज्ञान मागे पडले. परंतु प्रश्न नीट मांडल्यावाचून उत्तराकडे धावू नये, ही त्यांची शिस्त अंगी राहिली. मध्यंतरी वराहपालन करणाऱ्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, ‘‘सर, लस टोचूनही डुकरांना रोग होतो, मग ती टोचायची कशाला?’’ त्या निमित्ताने जे वाचले व उमगले, ते आपणांपुढे ठेवतो.

दोन रोग शेजारी ठेवून पाहू. पहिला वराहज्वर, म्हणजे स्वाइन फीव्हर. १९५० च्या दशकात चीनमध्ये त्याचा विषाणू सशांमध्ये पुनःपुन्हा वाढवून सौम्य करण्यात आला आणि त्यापासून लस सिद्ध झाली. इतका काळ लोटला, विषाणूच्या नव्या शाखा निघाल्या, तरी ती जुनी लस आजही उत्तम संरक्षण देते. कारण शरीर ज्या खुणांवरून हा शत्रू ओळखते, त्या फारशा बदललेल्या नाहीत.

दुसरा रोग ‘पीआरआरएस’. यात गाभण डुकरिणींचे गर्भपात होतात, मृत पिले जन्मतात आणि जगलेल्या पिलांना श्वास घेणे कठीण होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत दिसला. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याचा विषाणू हाती लागला. भारतात त्याचा उद्रेक २०१३ मध्ये मिझोराममध्ये झाला.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा विषाणू लवकर समजतो. त्याची जनुकीय संहिता सुमारे १५,००० अक्षरांची. तिच्या नकला होताना लेखनिकाकडून चुका होतात आणि त्या तपासणारा शोधक तेथे नसतो. म्हणून पाठभेद साचत जातात. एकाच पेशीत दोन प्रती एकत्र आल्या, तर त्यांच्या मिश्रणातून तिसरी पोथीही निपजते. याच्या युरोपीय व अमेरिकी परंपरांत एकतृतीयांशाहून अधिक अक्षरे भिन्न आहेत. शिवाय हा विषाणू संरक्षक पेशींतच वस्ती करतो आणि त्याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे काही आठवडे उशिराने तयार होतात.

अमेरिकेत १९९४ मध्ये याची जिवंत, सौम्य केलेली लस आली. लशीतील विषाणूशी जवळचे नाते असलेल्या विषाणूपासून ती बऱ्यापैकी संरक्षण देते. दूरच्या शाखेपुढे तिचा प्रभाव उणावतो. ती संसर्ग पूर्णपणे रोखतेच असे नाही. परंतु आजाराची तीव्रता आणि बाहेर पडणारे विषाणू कमी करते. जिवंत लशीचा धोकाही लपवू नये. १९९६ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये लशीतील विषाणूच पुन्हा उग्र होऊन लस न टोचलेल्या कळपांत पसरला.

तेव्हा ‘लस चालते की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रोगावर, विषाणूच्या कोणत्या शाखेवर, आणि कशापासून संरक्षण — संसर्गापासून, आजारापासून की मृत्यूपासून — हे विचारल्याशिवाय परिणामकारकतेला अर्थ नाही.

त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, ‘‘बाबा रे, आधी रोग कोणता ते पशुवैद्यांकडून तपासून घे. २०२० पासून भारतात आलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर नावाने सारखा असला, तरी विषाणूने सर्वस्वी निराळा. वराहज्वराची लस त्यावर चालत नाही. वराहज्वराची लस मात्र चुकवू नकोस. नवे जनावर आणलेस तर काही आठवडे वेगळे ठेव. खरकटे उकळल्याशिवाय घालू नकोस.’’ आपल्या गोव्यात परसातल्या दोन-चार डुकरांवर संसाराचा भार सांभाळणारी घरे होती, आजही आहेत. त्यांच्या दृष्टीने एक डुकरीण दगावणे म्हणजे वर्षाचा हिशेब कोलमडणे.

एका लशीला अपयश आले म्हणून सर्वच लशी टाकणाऱ्याचे नुकसान होते, आणि एका लशीवर विसंबून बाकीची काळजी सोडणाऱ्याचेही. गुरुजी असते, तर उत्तराआधी त्यांनी प्रश्नच दुरुस्त करून घेतला असता. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.