'डोरा' तसाच राहू द्या

प्रकाशकाकडे बाड पाठवायचं म्हणजे समास सोडायचा, पृष्ठांक टाकायचे, अर्पणपत्रिका आणि मनोगत जागेवर लावायचं, असं बहुतेकांना वाटतं. भंडारा जिल्ह्यातल्या लेखकांची बाडं तयार करून देताना ही कामं पटकन उरकतात. खरी राखण करावी लागते ती बोलीची.

झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष हे उच्चार नाहीत. पाण्याचं 'पानी' होतं, डोळ्याचा 'डोरा'. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास मांडला, तिचा शब्दकोश केला, झाडीबोलीच्या साहित्य संमेलनांतून इथल्या लिहित्या हातांना बळ दिलं. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तरी बोली दोन्हीकडे एकच राहिली. पण ती छापायला निघाली की अडचणी सुरू होतात.

एका निवृत्त गुरुजींची कादंबरी धानाच्या रोवणीवर होती. लांबच्या एका प्रकाशकाकडून पहिलं प्रूफ आलं, तेव्हा मुद्रितशोधकानं मोठ्या मेहनतीनं सगळे 'डोरे' 'डोळे' करून टाकले होते. 'परहे' म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं. त्यांचे 'परके' झाले होते. 'बांधी' म्हणजे धानाचा वाफा. तिची 'बांधणी' झाली होती. गुरुजींनी प्रूफ वाचून खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे बाई आमची नाई. आमची बाई असी बोलेच नाई."

त्या मुद्रितशोधकाला दोष देऊन काय होणार? 1962 पासूनचे प्रमाणलेखनाचे नियम त्याच्या हातात मुरलेले. आपल्यासमोर चूक आहे की बोली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक बाडाच्या अगदी वर एक 'बोलीचं पान' लावतो. निवेदन प्रमाण मराठीत आहे की बोलीत, कोणती पात्रं झाडीत बोलतात, कोणते शब्द जसेच्या तसे ठेवायचे, 'मले-तुले' कुठे आणि 'मला-तुला' कुठे, सगळं त्यावर असतं. गुरुजींची कादंबरी त्या पानासह परत गेली. पुढच्या प्रुफात 'परहे' पुन्हा बांधीत उभे होते.

दुसरा किस्सा एका तरुण कवयित्रीचा. तिच्या कविता जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या सरकल्या, त्या दिसल्या तरी. पण 'डोऱ्यात'चं 'डोर्यात' झालं, ते पटकन नजरेत भरत नव्हतं. प्रमाण मराठीत हा अर्धा ऱ ठरावीक शब्दांत येतो. झाडीत ळ चा र होतो, म्हणून 'डोळ्यात'चं 'डोऱ्यात', 'काळ्या'चं 'काऱ्या' होतं आणि हे अक्षर पानोपानी भेटतं. संगणकाच्या शब्दतपासणीला हे शब्दच माहीत नसतात. ती सगळ्यांखाली सारख्याच लाल रेघा ओढते. मग एकच उपाय. एकानं हस्तलिखितातून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील प्रतीवर बोट ठेवायचं. कवयित्रीच्या आईनं वाचायला घेतलं, आणि लेकीच्या लिहिण्यातला एक शब्दही तिनं तिथल्या तिथे सुधारला. आम्ही तो तसाच घेतला.

शब्दार्थांचा प्रश्नही नेहमीचा. सोळा पानांचा एक फर्मा धरून प्रकाशक खर्च मांडतो, त्यामुळे शेवटी जोडलेली लांबलचक शब्दसूची त्याला जड जाते. लेखकांना मी सांगतो, अर्थ वाक्यातच पेरा. 'बोडी आटली, तेव्हा शेवटच्या बांधीला पाणी पुरेना' एवढं लिहिलं, की बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं हे नागपूरपलीकडच्या वाचकालाही कळतं. जे शब्द असे उलगडत नाहीत, तेवढेच सूचीत ठेवायचे.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेमुळे पहिलं पुस्तक काढण्याचं बळ खेड्यातल्या लेखकालाही मिळतं. त्याचं बाड नीटनेटकं हवंच. पण आपली बोली ही आपली चूक नाही, हे त्या बाडानं पहिल्याच पानावर ठणकावून सांगितलं पाहिजे. लेखकच संकोचला, तर छापखान्यात तिची बाजू घ्यायला दुसरं कुणी नसतं.