आठ मतपत्रिकांची गोष्ट

निवडणुकीतली लबाडी म्हटली, की लाठ्या, दमदाटी आणि पळवलेल्या मतपेट्या डोळ्यांसमोर येतात. पण लबाडीला दरवेळी दांडगाई लागतेच असे नाही. कधी एक पेनही पुरते.

३० जानेवारी २०२४ रोजी चंडीगडला महापौरपदाची निवडणूक झाली. मतदार अवघे ३६. पस्तीस नगरसेवक आणि एक खासदार. आम आदमी पक्ष व काँग्रेस यांच्या आघाडीकडे २० मते, भाजपच्या उमेदवाराकडे १६. शाळकरी पोरालाही जमावी अशी ही बेरीज. पण निकाल लागला १६ विरुद्ध १२, आणि विजयी भाजप! आघाडीची आठ मते पीठासीन अधिकाऱ्यांनी बाद ठरवली होती.

हे महाशय मतपत्रिकांवर खुणा करताना कॅमेऱ्यात टिपले गेले. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका मागवून स्वतः पाहिल्या, २० फेब्रुवारीला आठही मते वैध ठरवली आणि आघाडीचे कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले.

शेवट गोड झाला खरा. पण छत्तीस मतांची बेरीज सरळ करायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले, आणि तेही कॅमेरा होता म्हणून! आपण रांगेत उभे राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि निर्धास्त घरी येतो. ते मोजणाऱ्याच्या भरवशावर. म्हणूनच मोजणीच्या टेबलावर चार जागते डोळे हवेत. मत देऊन आपले निम्मेच काम होते.