दोन बॉड्या, एक मंगळवार

पहाटे साडेपाच

रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे थांबलाय. खराडी गावठाणातल्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत शिरलं, की आधी हात जातो लेन्सच्या हवाबंद डब्याकडे. पावसाळ्यात काचेवर बुरशी चढते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात. निळे दाणे गुलाबी पडले, की आत दमट हवा शिरली समजायचं. आज निळेच आहेत. डब्यात तीन लेन्स: २४-७०, ७०-२०० आणि ८५. तिन्ही कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या. शेजारी माझी कॅमेऱ्याची बॉडी, फाइव्ह डी मार्क थ्री, २०१२ सालचं मॉडेल. शटर एकदा बदलून झालंय, आता परत कुरकुरतंय.

चातुर्मास लागलाय. लग्नं थेट तुळशीच्या लग्नानंतर. बॉडी बदलायची तर हीच वेळ, कारण नवा कॅमेरा हातात बसायला महिना-दोन महिने लागतात आणि ते शिक्षण नवरीच्या खर्चाने करायचं नसतं. काल धनादेश आणि आधारची झेरॉक्स ठेवून दोन बॉड्या भाड्याने आणल्या: सोनी ए-सेव्हन-फोर, तिच्यासोबत सिग्माची २४-७०, आणि कॅनन आर-सिक्स मार्क टू, तिच्यासोबत माझ्या जुन्या लेन्स बसवायचा अडॅप्टर. उद्या सकाळी नऊला दोन्ही परत.

माझा असिस्टंट वजनकाटा घेऊनच आलाय. बॅटरी आणि कार्डासकट सोनी ६५८ ग्रॅम, कॅनन ६७०. ‘‘बारा ग्रॅम, ताई!’’ बारा ग्रॅम म्हणजे दोन बिस्किटं. कागदावरची तुलना इथेच मिटते. व्ह्यूफाइंडर दोघांचाही साधारण ३७ लाख बिंदूंचा, किंमत दोघांचीही दोन लाखांच्या अल्याडपल्याड. म्हणून ठरवलं, की आज जी कामं आहेत ती दोन्हींवर अर्धी-अर्धी करायची.

सकाळी साडेसहा

मुळा-मुठेचा काठ. जलपर्णी, फेस आणि वास, तरीही बगळे आणि शेकाट्या इथे हटकून असतात. मला पक्ष्यांचं वेड नाही, पण फोकस कितपत पळतो हे बघायला उडत्या बगळ्यासारखा फुकटचा मॉडेल नाही. दोन्ही कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखतात. फरक असा, की सोनीत माणूस, प्राणी की पक्षी ते आधी सांगावं लागतं. कॅनन स्वयंचलितवर ठेवला तर आपला आपण ठरवतो. लग्नात बगळे नसतात, पण वरातीत घोडी असते. वहीत लिहून ठेवलं.

भुरभुर सुरू झाल्यावर दोन्ही बॉड्या पिशवीत. भाड्याची वस्तू भिजवून परीक्षा घ्यायची नसते.

सकाळी अकरा

इऑन आयटी पार्कमधल्या एका कंपनीत बावीस जणांचे ओळखपत्री फोटो. गेटवर दोन्ही बॉड्यांचे आणि लेन्सचे सीरियल नंबर लिहून गेटपास करण्यात वीस मिनिटं गेली. सुरक्षारक्षकाने विचारलं, ‘‘दोन-दोन कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘स्थळं बघतोय.’’ तो हसला आणि शिक्का मारला.

वर काचेची भिंत, छतात एलईडी, खिडकीतून ढगाळ निळसर उजेड, म्हणजे तीन रंगांचा प्रकाश एकाच चेहऱ्यावर. अकरा जण सोनीवर, अकरा कॅननवर. चष्म्याच्या काचेत दिवा चमकत असूनही दोघांनी डोळा सोडला नाही. त्वचेचा रंग हा प्रत्येकाच्या डोळ्याचा प्रश्न. माझ्या डोळ्याला कॅननचा सावळा चेहरा जास्त ओळखीचा वाटला, पण दहा वर्षं तोच रंग बघितल्यावर दुसरं काय वाटणार? ही सवय आहे, पुरावा नाही. वहीत तसंच लिहिलं.

दुपारी साडेतीन

डबा खाऊन हिशोबाला बसलो. असिस्टंटचा कौल सोनीला. त्याचं म्हणणं चुकीचं नाही: ‘‘३३ मेगापिक्सेल विरुद्ध २४. शिवाय सिग्मा, टॅमरॉनच्या स्वस्त लेन्स सोनीला मिळतात. कॅननने फुल फ्रेमच्या ऑटोफोकस लेन्ससाठी बाहेरच्यांना दार उघडलेलंच नाही.’’

मी वहीचं दुसरं पान उघडलं. सोनीचं ई माउंट २०१० चं, कॅननचं आरएफ २०१८ चं, माझ्या लेन्सचं ईएफ १९८७ चं. ईएफ लेन्स सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर बसायची, आरएफची २० वर बसते. कॅननचा अडॅप्टर म्हणजे हे मधले २४ मिलिमीटर भरणारी पोकळ नळी. आत काच नाही, म्हणून चित्र बिघडत नाही, आणि फोकस घरच्यासारखा चालतो. सोनीवरही ईएफ लेन्स अडॅप्टरने चढतात, पण पाहुण्यासारख्या. शिवाय आर-सिक्स मार्क टूला माझ्या फाइव्ह डीच्या बॅटऱ्या चालतात. चार बॅटऱ्या, दोन चार्जर वाचले.

म्हणजे कॅनन घेतली तर एक बॉडी आणि एक नळी. सोनी घेतली तर बॉडी, निदान दोन लेन्स, बॅटऱ्या, सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, आणि जुन्या लेन्स पडेल भावात विकायच्या. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स पंधरा वर्षं निघते. बॉडी म्हणजे नवरा म्हणा. माउंट म्हणजे सासर. एकदा गेलं की तिथलेच नातेवाईक.

हप्ते तरीही पडणारच. पण कॅमेऱ्यासाठी कर्ज काढणारी मी काही पहिली नाही. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी तारण ठेवून लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा आणला. परतल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर रोज थोडा-थोडा चित्रित केला आणि तो तुकडा दाखवून पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. कॅमेरा कसा आहे हे ते सांगत बसले नाहीत, त्यातून काय निघतं ते त्यांनी दाखवलं. आमचा वाटाणा आज रात्री.

संध्याकाळी सात

गणपती जवळ आलेत, मोकळ्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव चाललाय. पथकाला फोटो हवेत, आम्हाला परीक्षा. असिस्टंटने दोन्ही कॅमेरे नि:शब्द शटरवर टाकले आणि पहिल्याच फोटोत ओरडला, ‘‘ताई, टिपरू वाकलं!’’

खरंच, ढोलावर पडणारं सरळ टिपरू सोनीच्या फोटोत धनुष्यासारखं वाकलेलं. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका दमात नाही, ओळीओळीने वाचला जातो. खालची ओळ वाचेपर्यंत टिपरू पुढे सरकलेलं असतं. सोनीला सगळी चौकट वाचायला बराच जास्त वेळ लागतो, म्हणून वाक जास्त. कॅननचंही थोडं वाकतं, पण नजरेत भरत नाही. मेकॅनिकल शटरवर दोघंही सरळ.

कॅनन नि:शब्द शटरवर सेकंदाला ४० फोटो काढते. असिस्टंटने बोट दाबूनच ठेवलं. आता एवढे ढोल निवडणार कोण? त्याला म्हटलं, आज रात्री तूच.

रात्री नऊ

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मंगळागौर. मागच्या वर्षी जिचं लग्न मीच टिपलं, तिचीच. लग्नानंतर पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पूजायची, रात्री खेळ आणि जागरण. नऊवारीतल्या पंधरा बायका, झिम्मा, फुगडी, सूप, लाटणी, आणि वर भिकार एलईडी पट्ट्या.

खरी परीक्षा इथे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून असले दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. शटर शंभरांश सेकंदावर ठेवलं तर प्रकाश सारखा येतो, पण फुगडी पुसट होते. अडीचशांशावर नेलं तर फुगडी थांबते, पण एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला. दोन्ही कॅमेऱ्यांत यावर उपाय आहे: दिव्याचा उजळ क्षण हेरून तेव्हाच शटर उघडतं. दोघांनीही तो नीट पार पाडला.

फुगडीत मात्र सोनी पुढे गेली. एकसारख्या साड्या, एकसारखे अंबाडे, गरगर फिरणाऱ्या दोघी. तरी जिला धरलं तिला तिने सोडलं नाही. कॅनन दोनदा मागच्या काकूंकडे घसरली. वहीत ठळक लिहिलं.

मग झिम्म्याचं चित्रण. फोर-के, सेकंदाला साठ चौकटी, म्हणजे नंतर संथ करता येईल. सोनीत हा पर्याय निवडताच चौकट दीडपटीने आवळली आणि कडेच्या दोघी बाहेर गेल्या. मी मागे सरकले तर पाठीला भिंत लागली. कॅननची चौकट होती तेवढीच राहिली.

रात्री साडेबारा

स्टुडिओ, चहा, मोठा पडदा. दोन्हींच्या फाइलींची नावं बदलून त्या मिसळल्या आणि एकेक ओळखायला बसलो. दहा-बाराच्या पुढे कुणाचाच नेम लागेना.

राहिला मेगापिक्सेलचा प्रश्न. तो अल्बमवरच सुटतो. आमची शीट १२ बाय ३६ इंचांची. अर्ध्या शीटवर, म्हणजे १८ इंचांत, एक फोटो लावला तर कॅननचे ६००० पिक्सेल इंचाला ३३३ पडतात. छपाईला ३०० पुरतात. एकच फोटो अख्ख्या शीटवर पसरला तर कॅनन १६७, सोनी १९५. ३०० दोघांनाही गाठता येत नाही, आणि दीड हात लांबून बघणाऱ्या मामांना ते कळतही नाही. ३३ मेगापिक्सेलमुळे हार्ड डिस्क मात्र लवकर भरते.

बुधवार, सकाळी साडेआठ

दोन्ही बॉड्या ब्लोअरने झटकल्या, कार्डं काढली, पट्टे गुंडाळले. असिस्टंट गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘‘मग सोनी वाईट का, ताई?’’

‘‘वाईट कुठे? फुगडी तिनेच जिंकली. पण ती माझ्या डब्यात बसत नाही.’’

त्याने माझ्या डब्याकडे बघितलं. तीन जुन्या लेन्स, चार बॅटऱ्या, निळे दाणे. मग स्वत:च्या सॅककडे. पुढच्या वर्षी स्वत:ची कामं घ्यायची म्हणून गेल्या आठवड्यात त्याने तसाच हवाबंद डबा घेतलाय. त्यात अजून सिलिका जेलची एक पुडी सोडली तर काहीच नाही.

‘‘तुझा रिकामा आहे,’’ मी म्हटलं. ‘‘तू सोनी घे.’’